सोपाऱ्याचा दगड आणि भाड्याची गाडी

काशीमीरा नाक्यावर उभ्या असलेल्या माणसाला ‘तुम्ही बेटावर राहता’ असं सांगितलं, तर तो आधी सांगणाऱ्याकडे आणि मग समोरच्या ट्रकांच्या रांगेकडे बघेल. भूगोल मात्र तसाच आहे. उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची, पश्चिमेला अरबी समुद्र, मध्ये साष्टी. आणि साष्टीच्या उत्तर टोकाशी मीरा-भाईंदर. वर्सोवा पुलावर तासभर अडकलेला माणूस खरं तर बेट सोडण्याच्या खटपटीत असतो, पण तो शिव्या घालतो त्या महामार्गाला.

या बेटावरच्या घरांमध्ये हल्ली दुसऱ्या एका बेटाचे बेत शिजतात. श्रीलंका. मुंबईहून विमानाने अडीच तासांच्या आसपास. गाडी आपल्यासारखी डाव्या बाजूनेच चालवायची. क्षेत्रफळ साधारण ६५,६०० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्शाहून किंचित जास्त. आठवड्याभरात देश पालथा घालता येईल, असा हिशेब मांडायला एवढं पुरेसं असतं. सहल कंपनीची टोपी नको, झेंड्यामागे धावणं नको, ड्रायव्हरही नको. कोलंबोच्या विमानतळावर गाडी ताब्यात घ्यायची आणि निघायचं. त्यासाठी इथल्या आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढायचा, त्याची मुदत एक वर्ष. लंकेत त्याला तिथल्या मान्यतेची जोड लागते. ती देण्याचं काम कोलंबोतली ऑटोमोबाइल असोसिएशन ऑफ सिलोन वर्षानुवर्षं करत आली आहे. मग एक्सेल शीट तयार होते: सिगिरिया, दंबुल्ला, कँडी, नुवारा एलिया, एल्ला, यालाचं जंगल, गॉल. प्रत्येक नावापुढे किलोमीटर, तास, हॉटेल आणि ‘फोटो पॉइंट’.

आणि मग घरातलं कुणीतरी ज्येष्ठ विचारतं, “म्हणजे हे देवदर्शन आहे, की नुसतं फिरणं?” नातू म्हणतो, “आजी, दोन्ही.” आजीचं समाधान होत नाही, आणि ते बरोबरच आहे. ‘दोन्ही’ हे उत्तर फार स्वस्तात मिळालेलं असतं.

या प्रश्नाला जुना पाया आहे, आणि तो काशीमीऱ्याहून फार लांबही नाही. खाडीपलीकडे, वाहतूक मोकळी असेल तर तासाभराच्या आत, नालासोपारा लागतं. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सोपाऱ्यात बुरुड राजाच्या कोटात स्तूपाचे अवशेष मिळाले, आणि गावातच भाटेळा तळ्याजवळ अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा हाती लागला. पुढे १९५६ मध्ये भुईगावला नवव्या लेखाचा तुकडाही सापडला. आठव्या लेखातली सोपाऱ्याला मिळालेली अक्षरं मोजकीच आहेत; पूर्ण मजकूर गिरनार, काळसी अशा ठिकाणांहून कळतो. विषय मात्र असा आहे, की सहलीचा बेत आखणाऱ्याने तो वाचायलाच हवा. हा लेख सहलींबद्दलच आहे.

लेखाचा आशय थोडक्यात असा: पूर्वीचे राजे विहारयात्रांना जात. त्यात शिकार आणि तशाच करमणुकी असत. अशोकाच्या राज्याभिषेकाला दहा वर्षं झाली तेव्हा तो संबोधीला, म्हणजे आजच्या बोधगयेला गेला, आणि तिथून धम्मयात्रांना सुरुवात झाली. या यात्रांत काय होतं, याची यादी पुढे दिलेली आहे: ब्राह्मण आणि श्रमण यांच्या भेटी व त्यांना दान, वृद्धांच्या भेटी व त्यांना पैशाची मदत, गावोगावच्या लोकांची भेट, त्यांच्याशी धम्माविषयी बोलणं, प्रश्नोत्तरं.

यादी नीट वाचली की दोन गोष्टी जाणवतात. एक म्हणजे तीर्थस्थान एका शब्दात आटोपलेलं आहे आणि बाकी सगळी माणसं आहेत. बोधिवृक्ष कसा दिसला, प्रदक्षिणा किती घातल्या, स्नान कुठे केलं, याचा उल्लेखही नाही. दुसरी गोष्ट अधिक मजेशीर आहे. अशोक आनंदाला नावं ठेवत नाही. या दुसऱ्या प्रकारच्या यात्रेत राजाला जास्त आनंद मिळतो, असंच तो शेवटी नोंदवतो. म्हणजे मौज विरुद्ध पुण्य असा तंटा त्याने मांडलेलाच नाही. त्याचा दावा एवढाच, की लोकांना भेटत केलेल्या प्रवासात शिकारीपेक्षा अधिक गोडी आहे.

आजीच्या प्रश्नाची फोड इथे होते. देवळं किती आणि समुद्रकिनारे किती, यावरून प्रवासाची जात ठरत नाही. सात देवळं बघून एकाही माणसाशी धड न बोलता परतलेलं कुटुंब अशोकाच्या मोजपट्टीने विहारयात्रा करून आलेलं असतं. शिकारीच्या जागी कॅमेरा आला, एवढाच काय तो फरक.

सोपाऱ्याचा आणि लंकेचा संबंध तर याहून थेट आहे. ‘महावंस’ या लंकेच्या पाली बखरीत विजय राजपुत्राची कथा येते. सिंहली लोक आपल्या इतिहासाची सुरुवात त्याच्यापासून धरतात. बापाने हाकलून दिलेला हा राजपुत्र सातशे साथीदारांसह जहाजातून निघाला आणि आधी सुप्पारकाला, म्हणजे सोपाऱ्याला उतरला. तिथे त्याच्या टोळक्याने असा काही धुडगूस घातला, की त्यांना पुन्हा जहाजात बसावं लागलं, आणि मग ते लंकेला पोहोचले. कथा दंतकथेच्या अंगाने जाणारी आहे, हे उघडच. पण आपल्या मूळपुरुषाला सोपाऱ्याच्या लोकांनी टिकू दिलं नाही, हे लंकेच्या भिक्षूंनी न लपवता लिहून ठेवलं. पाहुण्याने कसं वागू नये, याचं उत्तर कोकणाचं जुनं दिसतं.

आता मराठी माणसाच्या लंकायात्रेचं सर्वांत भारी उदाहरण घेऊ. त्यात नियोजन नावालाही नव्हतं. धर्मानंद कोसंबी १८७६ साली गोव्यातल्या साखवाळ गावी जन्मले. ‘बालबोधमेवा’ या मासिकात बुद्धाचं चरित्र त्यांच्या वाचनात आलं आणि मनाने घेतलं, की हा धर्म मुळातून समजून घ्यायचा. १८९९च्या अखेरीस ते घर सोडून निघाले. घरात पत्नी आणि तान्ही मुलगी होती. पुणे, ग्वाल्हेर, काशी असा प्रवास झाला. काशीत अन्नछत्रात जेवून त्यांनी संस्कृत शिकलं. बौद्ध धर्म नेपाळात सापडेल म्हणून नेपाळ गाठलं, तिथे निराशा झाली. बोधगयेला कळलं, की पाली शिकायची तर सिलोनला जा. १९०२ मध्ये ते कोलंबोच्या विद्योदय परिवेणात हिक्कडुवे सुमंगल यांच्याजवळ पोहोचले आणि श्रामणेर, म्हणजे नवदीक्षित भिक्षू, झाले. हा सगळा प्रवास त्यांनी ‘निवेदन’ या आत्मकथनात सांगितला आहे.

कोसंबींकडे नकाशा नव्हता, पैसे नव्हते, पुढचा मुक्काम ठाऊक नव्हता. पक्का होता तो एकच प्रश्न. पुढचा रस्ता प्रत्येक ठिकाणी भेटलेल्या माणसाने सांगितला. आजच्या सहलीत नेमकं उलटं असतं: रस्ता मिनिटागणिक ठाऊक असतो, आणि कशासाठी चाललोय हे विचारलं की ‘रील्स बघितले होते’ एवढंच उत्तर येतं. अर्थात कोसंबींच्या वाटेला डोळे मिटून वंदन करण्यातही अर्थ नाही. मागे राहिलेल्या बायको-मुलीने त्या शोधाची किंमत मोजली. एका माणसाच्या यात्रेचा खर्च दुसऱ्याच्या खात्यावर पडतो, ही धर्माच्या इतिहासातली जुनी अडचण आहे, सिद्धार्थाच्या घरापासूनची. बायको, पोरं, आजी सगळ्यांना गाडीत घालून निघालेलं काशीमीऱ्याचं कुटुंब या एका बाबतीत उजवंच ठरतं.

कोसंबींनंतर जवळजवळ अर्धशतकाने, १९५० साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकर जागतिक बौद्ध परिषदेच्या निमित्ताने लंकेला गेले. ते प्रतिनिधी म्हणून न जाता निरीक्षक म्हणून गेले होते. बौद्ध धर्म तिथे लोकांच्या आचारात कितपत जिवंत आहे, हे त्यांना बघायचं होतं. सहा वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरला धर्मांतर झालं. म्हणजे तपासणीसाठी केलेला प्रवास. मिरवणं नाही, नवस फेडणं नाही. डोळे उघडे ठेवून प्रश्न विचारणं. अशोकाच्या यादीतलं शेवटचं कलम हेच होतं.

त्यामुळे आज मीरा-भाईंदरच्या एकाच सोसायटीतली दोन घरं एकाच आठवड्यात लंकेला निघाली, तरी त्यांचे नकाशे वेगळे असू शकतात. एका घराला अनुराधपूरचा बोधिवृक्ष बघायचा असतो. संघमित्रेने बोधगयेहून नेलेल्या फांदीपासून तो वाढला, अशी परंपरा आहे. दुसऱ्या घराला नुवारा एलियाजवळचं सीतेचं देऊळ आणि अशोकवाटिका. रामायणातली लंका हीच का, यावर विद्वानांचं एकमत नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातले पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांच्या मते वाल्मीकींची लंका मध्य भारतातच कुठेतरी होती. ते खरं मानलं, तर सीताअम्मनच्या देवळात हात जोडणाऱ्याचं काय चुकलं? काहीच नाही. श्रद्धेला उत्खननाचा दाखला लागत नाही. फक्त ‘इथेच घडलं’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्या फलकाला इतिहास समजू नये.

लंकेतल्याच श्रीपाद शिखरावर तर असा वाद कुणी घालतच नाही. २,२४३ मीटर उंचीच्या या डोंगराच्या माथ्यावर खडकात पावलाच्या आकाराचा एक खळगा आहे. बौद्धांसाठी तो बुद्धाचा पाय, हिंदूंसाठी शंकराचा, मुसलमानांसाठी आदमचा. ख्रिस्ती लोकांपैकी काही जण संत थॉमसचं नाव घेतात. डिसेंबरच्या पौर्णिमेपासून मेमधल्या वैशाखी पौर्णिमेपर्यंत लोक रात्री चढायला लागतात आणि पहाटे वर पोहोचतात. पायऱ्या पाच हजारांहून अधिक. ज्याने जितक्यांदा चढाई केली, तितक्यांदा तो वरची घंटा वाजवतो. भाड्याची गाडी अर्थातच पायथ्याशी राहते.

जाता जाता एक व्यवहाराची गोष्ट. लंकेत दर पौर्णिमेला सरकारी सुट्टी असते. तिला पोया म्हणतात. त्या दिवशी दारूची विक्री बंद आणि विहारांत पांढऱ्या कपड्यांतल्या लोकांची रीघ. एक्सेल शीट करणाऱ्यांनी शेजारी कालनिर्णय ठेवलेलं नसतं, मग बीचवरच्या ‘पार्टी नाइट’ला पोया आडवी येते आणि चिडचिड होते. खरं तर सबंध देश काय मानतो, हे न विचारता दिसण्याचा महिन्यातला तो एकच दिवस.

मुख्य पेच मात्र ड्रायव्हरचा आहे. लंकेत पर्यटक सहसा ड्रायव्हरसकट गाडी घेतात. दिवसाचे आठ-दहा तास तो माणूस पुढे बसलेला असतो. चहाला कुठे थांबायचं ते तोच ठरवतो, भात-आमटी कुठली चांगली ते तोच सांगतो. तिसऱ्या दिवशी तो मुलांच्या शाळेविषयी बोलतो, चौथ्या दिवशी २०२२ सालाविषयी. तेव्हा देशाकडे परकीय चलन उरलं नव्हतं. पेट्रोलसाठी दिवस-दिवस रांगा लागल्या आणि मग क्यूआर कोडवर आठवड्याचा ठरावीक कोटा मिळू लागला. बाहेरून गाड्या आणण्यावर २०२० साली बंदी आली आणि खासगी गाड्यांसाठी ती उठायला २०२५ उजाडलं. जुन्या गाड्यांच्या किमती मध्यमवर्गाच्या आवाक्याबाहेर गेल्या. ज्या देशात घरची गाडी ही इतकी अवघड गोष्ट झाली, तिथे पाहुणे सगळ्यात आधी गाडी मागतात, हा विचार ड्रायव्हर नसेल तर मनात यायला कारणच नाही.

‘सेल्फ ड्राइव्ह’चं आकर्षण स्वातंत्र्याचं आहे. पण स्वातंत्र्य कोणापासून? वेळापत्रकापासून म्हणावं, तर शीटमधलं वेळापत्रक सहल कंपनीपेक्षा कडक असतं. प्रत्यक्षात सुटका होते ती एका अनोळखी माणसापासून. अशोकाच्या यादीतल्या ‘गावच्या लोकांची भेट’ या कलमासाठी आठवडाभर हाताशी असलेला एकमेव माणूस आपण दिवसामागे काही हजार रुपये वाचवून गाळतो.

यावर आपल्या परंपरेचं म्हणणं बघावं, तर ते थोडं अनपेक्षित आहे. कठोपनिषदात शरीराला रथ म्हटलं आहे, इंद्रियं घोडे, मन लगाम, बुद्धी सारथी. आणि आत्मा हा रथाचा धनी, मागे बसलेला. धनी लगाम धरत नाही. कुरुक्षेत्रावरही अर्जुनाने लगाम कृष्णाच्या हाती दिले आणि त्यामुळेच त्याला प्रश्न विचारायला उसंत मिळाली. अठरा अध्याय घोडे हाकता हाकता ऐकता आले नसते. स्वतः गाडी हाकणाऱ्याला घाटात वळणं दिसतात, डोंगर दिसत नाहीत, हे नुवारा एलियाच्या चहाच्या मळ्यांतून गाडी नेलेला कुणीही कबूल करेल. मागे बसलेली आजी सगळं बघून येते.

दुसरी बाजूही खरी आहे. ड्रायव्हर आपल्या ओळखीच्या मसाल्याच्या बागेत आणि रत्नांच्या दुकानात नेतो, तिथली खरेदी त्याला लाभते, आणि प्रवासी चिडतो. स्वतःची गाडी असली तर वाटेत शाळा सुटलेली दिसली, एखाद्या देवळात पेरहेरा, म्हणजे मिरवणूक, निघालेली दिसली, की थांबता येतं. शिवाय एकनाथांची गोष्ट आहेच. काशीची कावड रामेश्वराला पोहोचण्याआधी तहानलेल्या गाढवाला पाजली. ती कावड दुसऱ्या कुणाच्या वेळापत्रकावर चालली असती, तर गाढव तसंच मेलं असतं. म्हणजे स्वतःची गाडी थांबण्यासाठी असेल तर तिला अर्थ आहे. वेळ वाचवण्यासाठी असेल, तर सहल कंपनीची बस बरी, निदान बसमध्ये शेजारी कुणीतरी बसलेलं असतं.

प्रवाशाची सोय करणं हेही पुण्यच, असं या मुलुखात दोन हजार वर्षांपूर्वी दगडात कोरलं गेलं. नाशिकच्या लेण्यांतल्या लेखात शक क्षत्रपांचा जावई उषवदात सांगतो, की त्याने भडोच, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक, म्हणजे सोपारा, इथे प्रवाशांसाठी निवारे बांधले आणि पारादा, दमण, तापी, डहाणूका अशा नद्यांवर नावांची फुकट सोय केली. काशीमीऱ्यावरून गुजरातकडे जाणारा महामार्ग यांतल्या काही नद्या आजही ओलांडतो, अधूनमधून टोल भरत. दहिसर नाक्यावर हलक्या वाहनांचा टोल ऑक्टोबर २०२४ मध्ये माफ झाला. उषवदाताला त्यात विशेष काही वाटलं नसतं.

लंकेच्या रस्त्यावर अशी देवाणघेवाण अजून दिसते. कोलंबोहून किनाऱ्याच्या रस्त्याने गॉलकडे जाताना कळुतर लागतं. काळू नदीच्या पुलाला लागून बोधिवृक्ष आहे, समोर आतून पोकळ असलेला पांढरा स्तूप. रस्त्याच्या कडेला दानपेट्या. गाडी बाजूला येते, ड्रायव्हर उतरतो, नाणं टाकतो, हात जोडतो, निघतो. बस असेल तर कंडक्टर धावत जाऊन सगळ्यांच्या वतीने टाकून येतो. एक मिनिटही लागत नाही, आणि त्या मिनिटात ट्रकवाला, रिक्षावाला, नोकरदार बाई एकाच पेटीपाशी उभे असतात. काशीमीऱ्याहून पहाटे गाडी काढताना स्टिअरिंगला हात लावून कपाळाला टेकवणाऱ्या माणसाला इथे काही समजावून सांगावं लागत नाही.

फक्त तिथे पोहोचायला हवं. कोलंबोकडून गॉलला जाणारा द्रुतगती मार्ग २०११ साली सुरू झाला. तो आतल्या बाजूने जातो, वेगमर्यादा ताशी १०० किलोमीटर, आणि कळुतरचा पूल त्यावर लागत नाही. मोबाइलला रस्ता विचारला की तो हाच मार्ग सुचवतो. एक्सेल शीटमधल्या शेवटच्या दिवसासमोर गॉल ते कोलंबो, सव्वा तास, असं लिहिलेलं असतं. किनाऱ्याच्या रस्त्याने जायचं तर तीन तास धरावे लागतील. परतीचं विमान रात्रीचं असेल तर जमण्यासारखं आहे. दुपारचं असेल तर गॉलच्या किल्ल्यावरची सकाळ सोडावी लागेल, आणि शीटमध्ये ती सकाळ ‘मस्ट’ म्हणून पिवळ्या रंगात आहे.